चौथ्या मजल्याची तार

छिंग-युआनने दुकानाचं शटर कमरेपर्यंतच उचललं. पूर्ण उचललं की गिऱ्हाईक आत येतं, आणि मग त्याच्याशी बोलावं लागतं. बायको गेल्यापासून त्याला बोलणं नको वाटे.

तैवानमधल्या युआनलिनच्या त्या गल्लीतली सगळी घरं अशीच, अरुंद आणि उंच, एकमेकांना खेटून उभी. खाली, म्हणजे तिथल्या हिशेबाने पहिल्या मजल्यावर, त्याचं नळ आणि विजेच्या कामाचं दुकान. वर स्वयंपाकघर, त्याच्या वर झोपायची खोली. चौथ्या मजल्यावर पुढच्या बाजूला पूर्वजांचं देवघर आणि मागे मुलीची खोली.

मुलगी थिंग-यू आईच्या अंत्यविधीला आली ती परत गेली नव्हती. ताइपेतल्या कंपनीने तिला घरून काम करायला परवानगी दिली होती, पण मीटिंगमध्ये आवाज तुटता कामा नये म्हणून बजावलं होतं. राउटर खाली दुकानात. सिग्नल स्वयंपाकघरापर्यंत धड पोचायचा, झोपायच्या खोलीत रडतखडत, आणि चौथ्यावर नावालाही नाही. ती जिन्यात बसून मांडीवर कॉम्प्युटर घेऊन काम करी.

"बाबा, साहेब म्हणतात मी रोबोटसारखी बोलते."

"मग पगार वाढवून माग. रोबोट महाग असतात."

ती हसली. त्या घरात कितीतरी दिवसांनी कोणी हसलं होतं. पण मग ती म्हणाली, "महिनाअखेरपर्यंत नाही जमलं तर मला जावं लागेल हं."

दुपारी त्याने एका पुठ्ठ्यावर घर काढलं. स्लॅबमध्ये लोखंड ठासून भरलेलं, त्यातून हवेतला सिग्नल जाणार नाही. तेव्हा तार वरपर्यंत न्यायची, चौथ्यावर दुसरा राउटर लावायचा, आणि त्याचा सिग्नल उतरत्या जिन्यातून झोपायच्या खोलीला मिळेल. घर बांधताना त्याने स्वतः टेलिफोनसाठी पाइप घातला होता, दुकानापासून थेट देवघरापर्यंत. पाइपचं वरचं तोंड आता बायकोच्या, यूए-श्याच्या, नावाने मांडलेल्या घडीच्या टेबलामागे होतं. ती जाऊन वर्ष झालं नव्हतं, म्हणून तिच्या उदबत्तीची राख अजून पूर्वजांच्या भांड्यातल्या राखेत मिसळली नव्हती. तिचं उदबत्तीचं भांडं असं वेगळंच, कोपऱ्यात, पाहुण्यासारखं.

थिंग-यूने वरून तार ओढायची लांब पोलादी पट्टी पाइपमध्ये सोडली. ती खडखडत खाली आली. त्याने तिच्या टोकाला तार बांधली, वर टेप गुंडाळला आणि जिन्याकडे तोंड करून ओरडला, "ओढ!"

तार निघाली.

तारेच्या खोक्यातून वेटोळी सुटत होती. तो गुडघे टेकून तार पाइपात सारत होता. गुडघे दुखत होते, पाठ दुखत होती. पोरीला बरं जमतंय, त्याला वाटलं. एका लयीत, कुठे न थांबता. इतकं सरळ कोणी ओढत नाही. माणूस हात बदलतो, दम खातो.

जन्मभर हे काम त्याने आणि यूए-श्याने मिळून केलं होतं. तो खालून सारायचा, ती वरून ओढायची. थकव्यात त्याच्या तोंडून जुनी सवय निघून गेली.

"सावकाश, यूए-श्या."

तार थांबली.

मग पुन्हा निघाली, पण आता वेगळी. थोडी ओढ, थांबा. थोडी ओढ, थांबा. यूए-श्याचा उजवा खांदा धरला होता, तेव्हापासून ती अशी ओढायची.

पोरगी दमली असेल, असं त्याने स्वतःला सांगितलं.

"बाबा."

थिंग-यू जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी होती. तिच्या हातात गुंडाळलेली पोलादी पट्टी होती.

"किती हाका मारल्या तुम्हाला! ही मोकळीच आली वर. बांधली नव्हती का नीट?"

पट्टीच्या टोकाला टेप तसाच होता, घट्ट गुंडाळलेला. आत तार नव्हती.

दोघांनी खाली पाहिलं. खोक्यातून तार जात होती. थोडी ओढ, थांबा.

"वर कोण आहे?" तिने अगदी हळू विचारलं.

"खांदा दुखतो तिचा," तो म्हणाला.

थिंग-यू धावत वर गेली. तो तसाच गुडघ्यांवर. खोकं रिकामं होत आलं होतं. असल्या घराला खालून वर चारदा पुरेल इतकी तार त्यात होती. शेवटचं टोक निसटायला आलं तेव्हा त्याने ते मुठीत धरलं. ओढ लगेच सैल झाली.

ती खाली आली. चेहरा उतरला होता. "पाइपाचं तोंड रिकामं आहे. तारेचा तुकडाही नाही. बाबा, आई असती तर तिने आधी मला हाक मारली असती."

त्याने मुठीतलं टोक सोडलं नाही.

"तुम्ही तिचं नाव घेतलंत, ते मी ऐकलं. नाव घ्यायच्या आधी कसं ओढत होतं?"

त्याचे हात सवयीने चालत होते. तारेचं टोक सोललं, आठ रंगांचे धागे ओळीने लावले, वर प्लग दाबून बसवला आणि राउटरच्या मोकळ्या खाचेत सरकवला.

तारेच्या दुसऱ्या टोकाला चालू यंत्र असल्याशिवाय खाचेजवळचा दिवा लागत नाही. वरचा राउटर अजून खोक्यात होता, काउंटरवर, न उघडलेला.

दिवा लागला. हिरवा.

"कापा ती," थिंग-यू म्हणाली.

"कापतो."

"आत्ता, बाबा. दुसरी तार बाहेरच्या भिंतीवरून नेऊ. मी राहीन, खरंच राहीन. पण ही कापा."

पक्कड त्याच्या हातातच होती. "आधी जेवून घेऊ," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तार तशीच होती. तिसऱ्या दिवशीही. थिंग-यू जिन्यातसुद्धा बसेनाशी झाली. रविवारी तिने बॅग भरली.

"पोचलीस की फोन कर," तो म्हणाला.

"तुम्ही कापलीत की मला करा," ती म्हणाली, आणि शटरखालून वाकून गेली.

त्याने शटर खाली ओढलं. एकट्यापुरतं कारल्याचं सूप गरम केलं आणि वाटी घेऊन राउटरजवळ बसला.

"गेली," तो म्हणाला.

हिरवा दिवा भराभर लुकलुकला. मग थांबला, वाट पाहत असल्यासारखा.

"आता आपण दोघंच."

दिवा पुन्हा लुकलुकला, या खेपेला बराच वेळ.

जोडताना त्याने तारेचा एक सैल वेढा जमिनीवर सोडला होता. आता तिथे वेढा नव्हता. भिंतीतल्या पाइपपासून राउटरपर्यंत तार सरळ ताणलेली होती, आणि राउटर टेबलाच्या कडेशी आला होता.

त्याने वाटी खाली ठेवली. उठून, तारेला ढील मिळेल असं टेबल भिंतीकडे सरकवून दिलं. मग खुर्चीही.