बिननावाचा पेला

लगीनसराईत धुळ्याच्या भांडेबाजारात उभं राहायला जागा नव्हती. आई – तेव्हाची कुंदा शिरसाठ, देवपूरच्या शाळेत नव्यानं लागलेली शिक्षिका – मैत्रिणीच्या लग्नात द्यायची कळशी छातीशी धरून एका दुकानात शिरली. नाव घालायला बसलेल्या तरुणानं मान वर न करताच विचारलं,

“कोणाकडून?”

“कुंदा शिरसाठ.”

आता त्यानं वर पाहिलं. मग छिन्नी लावली. ठक्... ठक्... पितळेवर अक्षरं उमटत गेली. शेवटी नावापुढे त्यानं पाच टिंबांचं एक फूल काढलं.

“फूल मी सांगितलं नव्हतं.”

“सांगितलेली फुलं माळी देतो, बाई.”

ते सुरेशचंद, हस्तीमल शेठजींचे धाकटे. दुकान वडिलांचं, अक्षर त्यांचं. साल चौऱ्याहत्तर.

त्यानंतर आईच्या खोलीतल्या प्रत्येक भांड्याला नाव हवंसं झालं. आधी तांब्या, मग डबा, मग झारासुद्धा. स्वतःची भांडी संपल्यावर ती घरमालकीण बेबाबाईंची नेऊ लागली.

“बठ्ठा भांडा लई गई तू,” बेबाबाई म्हणाल्या. “मी सयपाक कसामां करू वं?”

सुरेशचंदही कमी नव्हते. “नाव मोठं, चमचा छोटा. आज अर्धंच होईल. उरलेलं उद्या.”

“उद्या शाळा आहे.”

“मग परवा. चमचा कुठे पळतोय?”

दिवाळीच्या सुट्टीआधी त्यांनी स्टीलच्या पेल्यांची जोडी तिच्यासमोर ठेवली. एकावर तिचं नाव, फुलासकट. दुसरा नुसताच चकचकीत.

“आणि यावर?”

“तुम्ही सांगाल ते नाव.”

नाव आईला माहीत होतं. ओठांवरही आलं होतं. पण इतक्या लवकर सांगून टाकायचं...?

“जळगावहून आले की सांगते,” म्हणत दोन्ही पेले घेऊन ती हसत निघाली. पांझरेच्या पुलावर तिनं ते नाव मोठ्यानं उच्चारून पाहिलं. एका सायकलवाल्यानं वळून बघितलं.

ती परत आली तेव्हा छिन्नी दुसऱ्याच्या हातात होती. सुरेशचंद कावीळ होऊन पडले होते. डोळ्यांचा पिवळेपणा उतरला, पण उन्हाळ्यात मुंबईहून आलेल्या रिपोर्टातही ती रक्तात होतीच. बी प्रकारची, डॉक्टर म्हणाले. ही आता बहुधा मुक्कामालाच राहणार. घरच्यांनी माडीवर खाट टाकली. थाळी-पेला वेगळा केला.

आई जात राहिली. उसाचा रस नेई, शाळेतल्या गमती सांगे, दवाखान्यात सोबत बसे. शेजारच्या खिडक्या उघडत, मिटत. एकदा तिनं तो वेगळा पेला उचलून पाहिला. त्यावर त्यांचं नाव होतं.

“चुकून कोणी घेऊ नये म्हणून,” सुरेशचंद म्हणाले. “मीच घातलं. अक्षर बिघडलंय ना?”

“फूल नाही काढलंत?”

“आजाऱ्याच्या पेल्यावर फूल?”

वेगळा पेला म्हणजे काय, हे शिरसाठांच्या घरात कोणाला समजावून सांगावं लागत नव्हतं. आजोबा बौद्ध झाले त्याआधी गावात ओंजळीनंच पाणी पीत. आईनं पेल्यात उरलेलं पाणी पिऊन टाकलं.

“बेटा, ठेव तो!” दारातून तारादेवी, सुरेशचंदांच्या आई, ओरडल्या.

“अक्का, मी डॉक्टरांना विचारलंय. ही रक्तातून लागते. सुईतून, वस्तऱ्यातून. सोबत खाल्ल्या-प्यायल्यानं नाही.”

दुसऱ्या दिवशी तो पेला खालच्या स्वयंपाकघरात, सगळ्यांच्या पेल्यांत पालथा घातलेला दिसला. आई दोन-दोन पायऱ्या चढत माडीवर गेली आणि पिशवीतून जोडीतला बिननावाचा पेला काढला.

“नाव सांगायचं राहिलंय.”

सुरेशचंदांनी तो हातात घेऊन नुसताच फिरवला.

“बायकोला लागू शकते,” ते म्हणाले. “आणि बाळाला... जन्मताच.”

“तेवढं मी विचारलं नव्हतं.”

“मी विचारलं. मी विचारलं, कुंदा... यातच काय ते समजा.”

‘बाई’ पहिल्यांदाच गळलं होतं.

“मला चालेल,” आई म्हणाली.

“मला नाही चालणार.”

“दिवाळीआधी सांगितलं असतं तर?”

“तर तिथल्या तिथे कोरलं असतं.” त्यांनी पेला तिच्या हातात परत दिला. “कोरलेलं पुसता येत नाही. बरं झालं, सांगितलं नाहीत.”

“बरं झालं?”



दोन वर्षांनी जळगावात आईचं लग्न झालं. धुळ्याहून कळशी आली. देणाऱ्याच्या नावापुढे फूल नव्हतं.

मी कॉलेजात असताना बी काविळीची लस घेतली, तेव्हा आई सोबत होती.

“घरात कोणाला असली, तरी होत नाही?” तिनं नर्सला विचारलं.

“नाही होत, मावशी. बाळालासुद्धा जन्मताच देतात आता.”

“एवढंच?” आई म्हणाली.

घरी येऊन तिनं चहा केला. नावाच्या पेल्यात मला दिला, दुसऱ्यात स्वतः घेतला. तिचा चहा निवून गेला. का, ते तिनं शेवटच्या आजारपणात सांगितलं.

गेल्या महिन्यात तिची भांडी वाटून घेताना धाकटी बहीण बिननावाचा पेला माझ्यापुढे धरून म्हणाली, “यावर तुझं नाव घालून घे. नाहीतर कोणाचा, ते कळायचं नाही.”

मी तो धुतला, पुसला आणि नावाच्या पेल्याशेजारी ठेवला.