पेट्रोल जळत नाही, तर मग जळतं काय?

काल दुपारी तपासायला म्हणून दोरी ओढली, तेव्हा मोटर एका झटक्यात सुरू झाली होती. मग आज सकाळी का सुरू होईना? मोटर तीच, पेट्रोल तेच, ओढणारा हातही तोच. आणि तो हात दमणाराही नव्हता, कारण तो गणूचा होता. गणू म्हणजे कोयनेच्या जलाशयातली सौरहोडी चालवणारा यंत्रमानव.

सलग धुक्यामुळे सौरहोडीची बॅटरी पार उतरली होती. म्हणून गणू आणि स्वराने तिच्या आजोबांची जुनी होडी बाहेर काढली होती. तिच्या मागच्या फळीवरची मोटर स्वराच्या आईपेक्षाही वयाने मोठी होती. आज थांबून चालणार नव्हतं. आजोबांची मूत्रपिंडं निकामी झाली होती आणि दिवसाआड पलीकडच्या काठावर डायलिसिस (यंत्राने रक्त शुद्ध करणं) करून घ्यावं लागे. घाटरस्ता खचलेला. परवाची पाळी चुकली होती आणि आजोबांचे पाय सुजले होते.

आजोबा रसायनशास्त्रज्ञ. घोंगडी पांघरून काठावर बसले होते, अगदी शांत. स्वराला त्याचाच राग आला.

"आजोबा, तुमचीच पाळी आहे ना? मग तुम्हालाच कशी घाई नाही?"

"घाई गणू करतोय की! काय उपयोग झाला?"

इतक्यात शेजारचे सूरजकाका पेटता बोळा घेऊन धावत आले. "सरा बाजूला! डिझेलच्या पंपाला थंडीत असाच जाळ दावतो आमी. लगीच चालू व्हतंय बगा."

"सूरज, तिथंच थांब!" आजोबा ओरडले. "आधी विझव तो. ही मोटर पेट्रोलची आहे."

काकांनी गोंधळून बोळा पाण्यात बुडवला.

मग आजोबांनी स्वराला दोन झाकणांत पेट्रोलचे थोडे थेंब घ्यायला सांगितले. एक झाकण थंड दगडावर ठेवलं, दुसरं थर्मासमधलं गरम पाणी ओतलेल्या वाटीत तरंगत सोडलं.

"नाक खुपसायचं नाही हं. हाताने जरासा वारा नाकाकडे घे."

दगडावरच्या झाकणाचा वास पुसट होता. वाटीतल्या झाकणाचा मात्र थेट डोक्यात गेला.

"वास आला म्हणजे नाकापर्यंत काय आलं?"

"पेट्रोलच... पण वाफ होऊन?"

"बरोबर. याला बाष्पीभवन (द्रवाची वाफ होणं) म्हणतात. आता खरी गंमत ऐक. द्रव पेट्रोल जळतच नाही. जळते ती हवेत मिसळलेली त्याची वाफ."

स्वरा विचारात पडली. "म्हणजे थंडीत वाफच कमी! ठिणगी पडली तरी पेटायला काही नाही. आणि काकांच्या बोळ्याने मोटरीबाहेरचीच वाफ पेटली असती!"

काका कान पकडून खाली बसले.

"पण मी चोक (हवा कमी करणारी झडप) ओढला आहे," गणू म्हणाला.

"ते ठीकच केलंस. हवा कमी केली की पेट्रोल जास्त येतं आणि त्यातल्या थोड्याची तरी वाफ होते. पण तू ओढतच राहिलास. आता प्लग बघ बरं."

गणूने स्पार्क प्लग (ठिणगी पाडणारा भाग) काढला. तो चिंब ओला होता. त्यावर ठिणगी कुठून पडणार?

स्वराने तो कोरडा पुसला. ठिणगीची तार लांब धरून गणूने दोरी ओढली, आतलं जादा पेट्रोल बाहेर काढलं आणि त्याची वाफ वाऱ्यावर उडून जाईपर्यंत ते थांबले. मग प्लग परत बसवला.

"आता ऊब हवी, पण जाळाशिवाय," स्वरा पुटपुटली. "काका, तुमचा बंब पेटलाय का?"

"उकळतंय की पाणी!" काका घराकडे पळाले.

गरम पाण्यात पिळलेलं फडकं स्वराने कार्ब्युरेटरभोवती (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) गुंडाळलं. पाणी आत जाणार नाही याची काळजी घेतली. पहिल्या झटक्याला मोटर नुसती खोकली. गणूने पुन्हा दोरीला हात घातला.

"थांब! खोकली म्हणजे वाफ झाली. आता तिला हवा हवी." स्वराने चोक अर्धा उघडला. दुसऱ्या झटक्याला निळा धूर निघाला आणि मोटर सुरू झाली.

धुक्यातून हळूहळू जाताना स्वराने आजोबांचा हात धरला. त्यांनी तिचा हात घट्ट आवळून धरला.

"तुम्हाला भीती वाटत होती?"

"खूप. पण घाबरलेल्या माणसाला एकट्याने विचार करवत नाही गं. बरं झालं तू होतीस."

तिला रडू आलं, पण सुकाणू तिच्या हातात होतं. समोर पलीकडचा काठ अंधुक दिसू लागला.

"आजोबा, परवा पुन्हा यायचंय ना? परवा तुम्ही थंडीत बाहेर बसू नका. मी मोटर सुरू करीन आणि मगच तुम्हाला हाक मारीन."