ऐंशीच्या काट्यावरची थरथर

“पुन्हा थरथरली!” मास्तरीणबाईंनी गाडी दारात उभी केली आणि चावी उपसली. “मिस्त्रीला बोलवा. आत्ताच्या आत्ता.”

निळी गाडी बावीस वर्षांची. तिच्यावरच बाईंनी अर्ध्या गावाला ड्रायव्हिंग शिकवलं होतं. पण गेल्या महिन्यात घरात ठरलं होतं, की गाडी चौथ्यांदा थरथरली तर ती विकायची आणि बाईंनी पुन्हा स्टिअरिंगला हात लावायचा नाही. ही चौथी वेळ होती.

“आई, गाडी नाही थरथरत. तुझे हात थरथरतात,” मुलगा म्हणाला.

यात थोडं तथ्य होतं. बाईंच्या हातात कप-बशी किणकिणायची, आणि ते लपवायच्या भानगडीत त्या कधी पडल्या नव्हत्या.

“थरथरतात की! कप धरताना, सही करताना. पण माझे हात काय वेगाचा काटा बघून थरथरतात? सत्तरपर्यंत सगळं शांत. ऐंशीला थरथर. पंचाण्णवला परत शांत. हाताला काटा वाचता येतो का रे?”

मुलाचा हट्ट मात्र कायम होता. त्यानं गाडी घ्यायला तयार असलेल्या गिऱ्हाइकाला फोन लावला. गिऱ्हाईक पाच वाजता येतो म्हणालं. दोन तास उरले होते.

बाई तरातरा आत गेल्या. नवरा खिडकीशी, त्याच्या कामाच्या टेबलावर वाकला होता. गावात त्याला सगळे घड्याळजी म्हणत. डोळ्याला भिंग, समोर उघडं मनगटी घड्याळ. बाईंनी चावी टेबलावर आपटली, तेव्हा कोपर दिव्याला लागलं. एरवी नुसत्या वाऱ्यानंही आडवा होणारा तो दिवा जागचा हलला नाही.

“अहो, गुरुवारी मिस्त्रीकडून परत येताना तुम्ही शेजारी होतात. तेव्हा थरथरली होती?”

“गुरुवारी? नाही बुवा.”

“किती वेगात होतो आपण?”

“ऐंशीलाच होतीस की,” घड्याळजी पुटपुटले. भिंग काही डोळ्यावरून काढलं नाही.

मिस्त्री आला तोच तोंड पाडून. त्यानं तीनदा चाकांचा तोल साधून दिला होता, आणि तिन्ही वेळा चार दिवसांत गाडी जैसे थे. त्याचंही नाव खराब होत होतं.

“थरथर सीटमध्ये की स्टिअरिंगमध्ये, बाई?”

“स्टिअरिंगमध्ये.”

“म्हणजे पुढची चाकं.” त्यानं जॅक लावला, चाक हातानं फिरवलं, आणि एकदम थांबवलं. “इथं तोलासाठी मी शिशाचं वजन ठोकलं होतं. गेलं कुठं?”

चाकाच्या काठावर बोटभर लांब चकचकीत जागा होती. आजूबाजूला जुना गंज, मध्ये तेवढीच लख्ख. दुसऱ्या पुढच्या चाकाचीही तीच गत.

“खड्ड्यात पडलं असेल,” मुलगा म्हणाला.

बाई गुडघे टेकून बसल्या. “दोन्ही चाकांचं? तीनही वेळा? आणि हे ओरखडे बघ. दोन, बारीक, शेजारी शेजारी. कुणीतरी अरुंद पातं घालून वजन उचकटलंय. मिस्त्री, तुझं पातं कसं असतं?”

“माझं? अंगठ्याएवढं रुंद.”

बाई उठल्या, पदर झटकला. “गाडी गुरुवारी ठीक होती आणि आज, सोमवारी, बिघडली. मधे ती हलली नाही. मग तिला हात कुणी लावला?”

“कुणीच नाही,” मुलगा म्हणाला. “म्हणजे, रविवारी बाबांनी धुतली तेवढीच.”

“बावीस वर्षांत कधी धुतली नव्हती. गेला महिनाभर मात्र दर रविवारी धुतात.”

बाई पुन्हा आत गेल्या. मागोमाग बाकीचे. त्यांनी तो दिवा उचलून उलटा केला. बैठकीच्या तळाशी शिशाचे सहा तुकडे तांब्याच्या तारेनं सुबक बांधलेले होते.

“दुसरा कुणी असता तर गटारात फेकून मोकळा झाला असता,” बाई म्हणाल्या. “पण तुमच्या हातून कामाची वस्तू फेकवत नाही. घड्याळाचं असो की गाडीचं, एवढ्याशा वजनानं चाकाचा तोल जातो, हे या घरात तुमच्याइतकं कुणाला ठाऊक आहे?”

मुलगा वडिलांकडे वळला. “बाबा, तुम्ही?”

घड्याळजींनी शेवटी भिंग काढलं. डोळे ओले होते. “महिन्यापूर्वी एका वळणावर ट्रक अंगावर आला होता. तू सहज वाचवलंस. पण मी घरी येऊन रात्रभर जागा होतो. तुझे हात बघायचो. गाडी नको म्हणायची हिंमत झाली नाही गं.”

“म्हणून मला ऐंशीच्या वेगात डुगडुगत्या चाकांवर सोडलंत?” बाईंचा आवाज चढला. “माझ्या काळजीपोटी मलाच मारायला निघालात! आणि वर महिनाभर मला माझ्याच हातांचा संशय यायला लागला, त्याचं काय?”

बाईंनी टेबलावरची चावी उचलली.

“ऐका सगळे. परवाना देणाऱ्या साहेबासमोर मी उद्या पुन्हा परीक्षा देते. नापास झाले तर चावी माझ्या हातानं देईन. पण या घरात चोरून माझा निकाल कुणी लावायचा नाही. आणि त्या गिऱ्हाइकाला कळव, आल्या पावली परत जा म्हणावं.”

दुसऱ्या दिवशी बाई पास झाल्या. सकाळीच मिस्त्रीनं ते सहा तुकडे वितळवायला बाजूला टाकून नवी वजनं ठोकली होती. परतीच्या मोकळ्या रस्त्यावर काटा ऐंशीला गेला. स्टिअरिंग शांत होतं. शेजारच्या सीटवरचे गुडघे तेवढे लटलट कापत होते.

“काय होतंय?”

“काही ना—” घड्याळजी अडखळले. “भीती वाटतेय. जरा हळू घे.”

बाईंनी रस्त्यावरची नजर हलवली नाही.

“एवढंच म्हणायचं होतं की,” त्या म्हणाल्या आणि काटा साठावर आणला.