डोंगर खाली उतरला तेव्हा

आमची शेळी घरामागच्या खळग्यात गुडघे मोडून बसली होती. हाका मारल्या तरी उठेना. मी उतरले, तिच्यावर वाकणार, तोच वरून कुणीतरी म्हणालं, "वाकू नकोस. श्वास रोख आणि तशीच वर ये."

काठावरच्या एका पोरानं हात देऊन मला ओढून घेतलं. मग काडी पेटवून खळग्यात धरली. वारा नव्हता, तरी ज्योत विझली. शेळीशेजारी दोन पाखरं पडली होती... झोपल्यासारखी. जमिनीतून निघणारी ही विषारी हवा आमच्या गोमा शहरात सगळ्यांना ठाऊक. पण आमच्या दाराशी ती कधी आली नव्हती.

"आता आजी मला मारेल," मी म्हणाले.

"मग तुला वाचवून माझा काय फायदा?"

मेलेल्या शेळीसमोर मला हसू फुटलं — आणि लाजही वाटली.

त्याचं नाव मुंबेरे. लाकडी गाडीवरून कोळशाची पोती वाहायचा. मग तो रोज आमच्या गल्लीतून जाऊ लागला.

"तळ्याकडचा रस्ता सोडून इकडून का रे?"

"इकडं चढ कमी आहे," तो घाम पुसत म्हणायचा.

संध्याकाळी न्यिरागोंगो ज्वालामुखीच्या माथ्यावरचा लाल उजेड बघत आम्ही उभे राहायचो. बोटाला बोट लागायचं... आणि पायाखालची जमीन थरथरायची.

"हे मी नाही केलं हं," तो हळूच म्हणायचा.

एका संध्याकाळी माथ्यावर उजेडच नव्हता. कुत्री कुठंतरी निघून गेली होती. आजी दारात येऊन बघत राहिली.

"विझला नाही गं तो. खाली उतरतोय."

तेवढ्यात मुंबेरे रिकामी गाडी घेऊन आला. आजीला उचलून गाडीवर बसवलं.

"मला कोळसा समजू नकोस."

"कोळसा इतका बोलत नाही, आजी."

तिला सरहद्दीजवळ मावशीकडे पोचवलं, तोवर मागचं आभाळ तांबडं झालं होतं. त्यानं गाडी उलटी वळवली.

"कुठं निघालास?"

"आईला आणायला. ती वरच्या वस्तीत आहे."

मी थिजले. "आणि आधी आमच्याकडे आलास?"

"पाय इकडंच वळले..." तो खाली बघत म्हणाला. "काय करू, सिफा?"

मी गाडीला मागून हात लावला.

सगळं गाव उतरत होतं, आम्ही दोघंच चढत होतो.

त्याची आई दारात गाठोडं घेऊन बसली होती. पलीकडच्या केळीत काहीतरी लाल, संथ सरकत होतं. तिनं मला पाहिलं, मग मुलाला.

"तरीच उशीर," ती म्हणाली, आणि माझा हात धरून गाडीवर बसली.