वाकडी वाट

रजवाला तो पहिल्यांदा दिसला, तेव्हा त्याच्या हातात तिच्या बापाचा दगड होता.

चुन्यानं पांढरा केलेला, लाल टोकाचा दगड. तो छातीशी धरून हा शहरी गडी वाळवंटात, दुसऱ्या महायुद्धातल्या जुन्या विमानतळावर शीळ घालत उभा होता.

पाणी आणायला निघालेली रजवा गाढव तिथंच सोडून ओरडली, "हलू नकोस! पाऊल जरी उचललंस ना—"

"अहो... मी हातिम. अलेक्झांड्रियाहून आलोय, या धावपट्टीचा इतिहास लिहायला." तो हसला. हसू छान होतं, म्हणून तिला जास्तच राग आला. "कडेचे दगड वाकडेतिकडे होते. बारा सरळ लावून टाकले."

"कड कसली, शहाण्या! ती पाण्याच्या टाक्याकडे जायची वाट होती! बाकी सगळीकडे सुरुंग आहेत. इंग्रज नि जर्मन लढले, घरी गेले, आणि सुरुंग आमच्या पदरात टाकून गेले. ही वाट शोधताना माझ्या बापाचा पाय गेला. आहे तो पाय तुझ्या वहीत?"

वहीत विमानं होती, तुकड्या होत्या, तारखा होत्या. पाय नव्हता. हातिमचा चेहरा पांढराफटक पडला.

"आल्या पावली परत ये. आपल्याच ठशांवर."

तो आला. एकेक पाऊल टाकत, तिच्या डोळ्यांत बघत.

"मेला असतास!" तिचा आवाज चिरकला. कोण कुठला हा, आणि आपला आवाज चिरकावा? तिला स्वतःचाच संताप आला. "आता मेंढरांना पाणी कुठून पाजू?"

"हलवायच्या आधी... प्रत्येक दगडाची जागा पावलांनी मोजून लिहिलीय."

"वाच. मी चालते."

"नाही. चूक माझी, पुढे मी."

"मरायची फारच हौस दिसते!"

"तू मागून शिव्या दे. धीर येतो."

तिनं दिल्या, अगदी मनापासून. त्या शिव्यांवर पहिल्याच दिवशी तीन दगड पुन्हा जागेवर बसले. रोज तीन. काम झालं की ती चहाचे तीन पेले द्यायची... रीत होती म्हणून. तिसऱ्यात मात्र साखर जास्त पडायची, आणि ती भलतीकडेच बघत बसायची.

चौथ्या दिवशी बारावा दगड बसला. हातिमनं वहीचं पहिलं पान तिच्यापुढे धरलं. 'इद्रीस. यांनी पाय गमावून ही वाट शोधली.' विमानं त्याच्या खाली गेली होती.

बापाचं नाव तिनं दोनदा वाचलं. डोळे भरले, तशी ती खेकसली, "काय बघतोस?"

"उद्याची बस आहे. पण... जावंसं वाटत नाही. रजवा, तू मला आवडतेस."

"मला काय सांगतोस? बाप राहिला नाही, मागणी घालायची तर काकांना सांग."

"कुठं राहतात?"

"टाक्याच्या पलीकडे." तिनं ओढणी करकचून आवळली. रागानंच, पण गाल तापले होते. "दगडांच्या वाटेनंच जा. आणि वाट सरळ करायला गेलास तर याद राख!"