निळी पकड

धाकटी चष्म्याच्या दुकानात काचा घासायची. लहानपणापासून तिला फिट्स यायच्या, म्हणून कामावर जाऊ लागली तेव्हा थोरलीचा जीव टांगणीला असायचा. फिरत्या चाकाशी बसलेली पोर, तोल गेला तर? पण नवी गोळी सुरू झाली आणि फिट्स थांबल्या. थोरलीच्या जिवात जीव आला.

मग धाकटीचे ओठ निळसर झाले. पाठोपाठ नखं. आणि डाव्या मनगटाभोवती पट्टे उमटले.

"औषधाचा रंग चढतो असा कधीकधी," डॉक्टर म्हणाले. "डोळ्यांतही उतरू शकतो. गोळी बदलू या."

"आणि हे मनगट?" थोरलीनं विचारलं.

डॉक्टरांनी धाकटीचा हात खिडकीपाशी नेला. चार पट्टे वरून, एक खालून. त्यांनी आपली बोटं त्यावर टेकवून पाहिली. पट्टे त्यांच्या बोटांहून बरेच लांब होते.

"कुणी घट्ट धरलं होतं का?"

"कुणी नाही," धाकटी म्हणाली. बाही मनगटावर ओढत पुढे म्हणाली, "गोळी बदलू नका. ते सोडून देईल."

घरी येताना थोरलीनं खोदून खोदून विचारलं. "कोण सोडून देईल?"

"मला काय माहीत, ताई? तोल जायला लागला की हाताला ओढ लागते, एवढंच."

थोरलीनं ऐकलं नाही. डोळे गेले तर पोटावर पाय यायचा. तिनं रंग चढवणाऱ्या त्या गोळ्या डॉक्टरांना परत केल्या, बदलून दिलेल्या स्वतःच्या हातानं देऊ लागली. ओठ निवळले. नखं गुलाबी झाली. मनगटावरचा एकेक पट्टा फिकटत गेला, सगळ्यात शेवटी अंगठ्याचा.

तो पुसला गेला त्याच दुपारी दुकानातून निरोप आला.

थोरली धावतच पोचली. धाकटी चाकाशेजारी फरशीवर भिंतीला टेकून बसली होती. कुठे खरचटलंही नव्हतं.

"तिचा तोल गेला तसा मी धरायला धावलो," दुकानदार म्हणाले. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "माझा हात पोचायच्या आधीच ती थांबली. तिरकी, अधांतरी. मग अलगद खाली बसली."

धाकटी शांत होती. फक्त आवाज घोगरा झाला होता.

"नाही सोडलं गं, ताई."

तिला मोकळा श्वास मिळावा म्हणून थोरलीनं कॉलरचं बटण काढलं.

मानेभोवती दोन्ही बाजूंनी लांब, ताजी निळी बोटं होती. दोन अंगठे समोर कंठावर जुळले होते.

दुकानदार वाकून बघू लागले. थोरलीनं बटण पुन्हा लावलं.