पान्हा कोणत्या नंबरचा?

गॅरेजवाला अमर धापा टाकत ताराबाईंच्या गोठ्यात शिरला तेव्हा त्याच्या दोन्ही हातांत मिळून सहा पान्हे होते... ट्रॅक्टर दुरुस्तीचे, लोखंडी.

"मावशी, कोणत्या नंबरचा पाह्यजे? दहाचा का बाराचा?"

गाईशेजारी बसलेल्या मुलीनं मान वर केली. ही दीपिका, जनावरांच्या दवाखान्यातली. दोन वर्षांपूर्वी संगमनेरहून कुरखेड्याला नोकरीवर आली, तेव्हापासून तालुक्यातला बैल न् बैल तिला ओळखत होता. माणसांशी मात्र कामापुरतंच.

"काय म्हणालात?"

"मावशीचा फोन आला न, पान्हा सुटून नाई राह्यला, जल्दी ये म्हणून! मले वाटलं पंपाचा नट असंन..."

ताराबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "अरे लेका, गाईचा पान्हा! दूध! गाय धराले बलावलं तुले!"

दीपिका जी हसली, की छपराची कवेलं हलली आणि पलीकडच्या तळ्यातले बगळे उडाले ते थेट वैनगंगेवर जाऊन बसले. अमरही हसला, पण थोडा उशिरा. आधी तो नुसता बघतच राहिला होता.

गाईचं वासरू मेलं होतं. तेव्हापासून चंद्री दूध देईना. ताराबाईंना बाजारात चोरून मिळणारी सुई टोचायची होती.

"त्या सुईवर बंदी आहे, ताराबाई," दीपिका म्हणाली. "आणि सुईत जे असतं ते हिच्या अंगात आहेच. ऑक्सिटोसिन. घाबरली, दुखावली की अडतं. ओळखीच्या मायेच्या हातानं सुटतं."

"माया कराले टाइम कोनाले हाय, बाई? माही धानाची रोवनी चालू हाय."

दोघींनी अमरकडे पाहिलं.

मग रोज सकाळी अमर चंद्रीची मान खाजवायचा, तिच्याशी हळू आवाजात गप्पा मारायचा. दीपिका कोमट पाण्यानं कास धुवायची. आणि गाईच्या पाठीवरून दोघांची नजर... उगाचच.

"मॅडम, हे मानसाले बी होते का?"

"काय?"

"तेच, आक्सी का काय."

"होतं. जवळच्या माणसानं हात धरला की."

"आन् दूर बसलेल्यानं धरला तं?"

"गाय धरा, अमर."

सहाव्या दिवशी चंद्रीनं अमरच्या खांद्यावर मान टाकली आणि बादलीत धार वाजली. ताराबाई सांगतात, त्या दिवशी तीन बादल्या भरल्या. दोन तरी नक्की असतील. बरं, एक.

आठव्या दिवशी दीपिकाची बदली आली, संगमनेरला. तिनंच मागच्या वर्षी मागितलेली. सोमवारी निघायचं होतं. तिनं ते गोठ्यातच सांगितलं, बादलीकडे बघत.

अमरचा हात गाईच्या मानेवर थांबला. "मले तं वाटलं होतं..."

"काय वाटलं होतं?"

"जे तुमाले बी वाटून राह्यलं."

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "ते हार्मोन असतं, अमर. रोज सोबत बसलं, हसलं की होतं. रक्तात काही मिनिटं टिकतं... मग उतरतं."

"मंग उतरू द्या," तो म्हणाला. "सोमवारपर्यंत मी दिसत नाई तुमाले. उतरलं तं सुखानं जा."

आणि तो गेला. खरंच गेला.

पहिल्या दिवशी दीपिकानं बकरीचं औषध कोंबड्याच्या नावावर लिहिलं. दुसऱ्या दिवशी रस्त्यावरून गेलेली प्रत्येक मोटारसायकल तिला एकाच माणसाची वाटली. तिसऱ्या दिवशी तिनं चहात मीठ घातलं आणि तो पूर्ण प्यायली. चौथ्या दिवशी दुपारी ती त्याच्या गॅरेजसमोर उभी राहिली.

अमर ट्रॅक्टरखाली होता. चपला पाहूनच बाहेर सरकला. "अजून सोमवार नाई झाला."

"चौथा दिवस आहे."

"मंग? उतरलं?"

"नाही ना! काही मिनिटांत उतरायला हवं होतं. तू समोर नाहीस, आवाज नाही, तरी... नुसतं नाव आठवलं तरी अंग रोज नवं तयार करतंय. बदली नको म्हणून अर्ज देऊन आलेय मी."

अमरनं हात पुढे केला, मग ग्रीस बघून मागे घेतला.

"काळं लागंन तुमाले."

"लागू दे," ती म्हणाली आणि दोन्ही हातांनी तो हात धरला.

झाडाखाली बसलेले धनराजभाऊ कंटाळून ओरडले, "अमर, माह्या ट्रॅक्टरचं काय?"

"उद्या या, भाऊ!" उत्तर दीपिकानं दिलं.